कळते, पण वळत नाही
उपवासकाळात स्तोत्र ५१ वाचताना



राखेच्या बुधवारी आपण रांगेने पुढे येतो, कपाळावर राख घेतो आणि परत आपल्या बाकावर जाऊन बसतो. त्या दिवशी पहिल्या वाचनानंतर आपण प्रतिसाद देत जे स्तोत्र म्हणतो ते ५१ वे. पश्चात्तापाची म्हणून ख्रिस्तसभेने जी सात स्तोत्रे मानली आहेत, त्यांतले हे सर्वांत जास्त म्हटले जाणारे. धर्मगुरू आणि व्रतस्थ ते दर शुक्रवारी सकाळच्या प्रार्थनेत म्हणतात. मिस्सामध्ये अर्पणविधीच्या वेळी धर्मगुरू हात धुताना जी छोटीशी प्रार्थना हळू आवाजात करतात, तीही याच स्तोत्राच्या दुसऱ्या ओवीवरून घेतलेली आहे.

म्हणजे आम्ही धर्मगुरू हे स्तोत्र वर्षातून चाळीस-पन्नास वेळा म्हणतो. आपण सर्व भाविकही ते लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मग एक साधा प्रश्न स्वतःला विचारू या. इतके म्हणूनही आपल्यात काय बदलले? गेल्या उपवासकाळात ज्या पापाची कबुली दिली, तेच पाप या वर्षीही पुन्हा यादीत सर्वांत वर का असते?

आपल्या मायमराठीत या दुखण्याला चार शब्दांचे नाव आहे : कळते, पण वळत नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आमच्या लक्षात आले की हे दुखणे फार जुने आहे. ग्रीसचा सॉक्रेटिस म्हणत असे की कोणीही माणूस जाणूनबुजून वाईट करत नाही. चांगले काय ते त्याला खरोखर कळले, तर तो चांगलेच करील. त्याच्या मताने न वळणे हे न कळण्याचेच लक्षण. ॲरिस्टॉटलला हे पटले नाही. कळूनही माणूस चुकतो हे त्याने मान्य केले आणि उपाय सांगितला तो सवयीचा. न्यायाची कृत्ये करत राहिल्याने माणूस न्यायी होतो, धैर्याची कृत्ये करत राहिल्याने धीट होतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. आपण मुलांना धर्मशिक्षण देतो ते कळावे म्हणून आणि रोज संध्याकाळी रोझरीला बसवतो ते सवय लागावी म्हणून.

परंतु एक अडचण उरते. मला बदलायचे आहे ते माझे मन, आणि बदलण्याचे काम करायचे आहे तेही त्याच मनाने. कुंपणच शेत खाऊ लागले तर राखण कोणी करायची? स्तोत्र ५१ नेमके याच ठिकाणी आपला हात धरते.

या स्तोत्राच्या मथळ्यात प्रसंग दिलेला आहे : दावीद राजा बथशेबेजवळ गेल्यानंतर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला तेव्हाचे हे स्तोत्र. ती हकिगत शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात अकराव्या आणि बाराव्या अध्यायांत आहे. राजाचे सैन्य लढाईवर गेले होते आणि राजा मात्र यरुशलेममध्ये घरीच होता. उरीया हित्ती या आपल्या सैनिकाच्या पत्नीला त्याने राजवाड्यात आणवले. तिला दिवस गेल्याचे कळल्यावर त्याने उरीयाला रणभूमीवरून बोलावून घेतले आणि तो घरी जावा म्हणून नाना युक्त्या केल्या. उरीया गेला नाही. आपले सोबती उघड्यावर तळ देऊन असताना आपण घरी जाऊन सुखाने राहावे, हे त्याला पटेना. तेव्हा दावीदने सेनापती यवाबाला पत्र लिहिले की, उरीयाला लढाईत सर्वांत पुढे ठेवा आणि मागे सरा. ते पत्र त्याने उरीयाच्याच हाती पाठवले.

नाथान आला तोवर मूल जन्माला आले होते. म्हणजे मधे कित्येक महिने गेले. त्या काळात दावीदला आपण काय केले हे कळत नव्हते का? नाथानने त्याला एक गोष्ट सांगितली : एका श्रीमंताने पाहुण्यासाठी स्वतःच्या कळपातले मेंढरू न घेता शेजारच्या गरिबाची एकुलती एक, पोटच्या पोरीसारखी वाढवलेली मेंढी मारली. ऐकताच दावीद संतापला. त्या माणसाला मृत्युदंड मिळावा आणि त्याने चौपट भरपाई द्यावी, असे तो बोलून गेला. न्याय म्हणजे काय हे त्याला चांगले ठाऊक होते. कळण्यात काहीच कमी नव्हते. नाथानने फक्त बोट वळवून त्याच्याचकडे केले.

दावीद तिथे वळला. कसा वळला, त्याच्या पायऱ्या हे स्तोत्र आपल्याला दाखवते.

पहिली पायरी : पापाला त्याच्या नावाने हाक मारणे. मूळ हिब्रूत पहिल्या दोन ओव्यांत पापासाठी तीन वेगळे शब्द आले आहेत. एकाचा अर्थ बंड करणे, दुसऱ्याचा वाकडे होणे, तिसऱ्याचा नेम चुकणे. पाप म्हणजे केवळ ‘चूक झाली’ एवढेच नसते. कधी आपण उघड उघड बंड करतो, कधी आपला स्वभावच वाकडा झालेला असतो, कधी चांगले करायला जाऊन आपला नेम चुकतो. वैद्याला पोटदुखी नेमकी कुठे आहे हे सांगावे लागते. नुसते ‘बरे वाटत नाही’ म्हणून चालत नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. या संपूर्ण स्तोत्रात बथशेबेवर दोष नाही, यवाबावर नाही, लढाईच्या धामधुमीवर नाही. सगळे ‘मी’ आणि ‘माझे’. आपली कबुली बहुधा कशी असते? ‘रागावलो, पण तीही बोललीच ना.’ ‘बांध सरकवला, पण आधी त्यांच्या बापाने सरकवला होता.’ ‘पितो, पण स्वतःच्या पैशाची पितो.’ या वाक्यांत ‘पण’ जिथे येतो, तिथे कबुली संपते आणि वकिली सुरू होते. दावीदच्या प्रार्थनेत हा ‘पण’ नाही. आपला जन्मच पापाच्या छायेत झाला असे तो पाचव्या ओवीत म्हणतो, तेही सबब म्हणून नव्हे. दुखणे किती खोल गेले आहे हे वैद्याला दाखवण्यासाठी तो ते सांगतो.

दुसरी पायरी : स्वतःला धुण्याचा नाद सोडून देवाच्या हाती धुतले जाणे. पापासाठी जसे तीन शब्द, तशीच शुद्धीसाठी तीन क्रियापदे आहेत. पहिले पुसून टाकण्याचे, जसा वहीतला हिशेब पुसावा. दुसरे कपडे धुण्याचे, तेही पाण्यात हलकेच बुचकळणे नव्हे, तर त्या काळी परीट कपडे तुडवून धूत असत तसले धुणे. तिसरे शब्द मंदिरातल्या शुद्धीकरणाचे. पुढे सातव्या ओवीत एजोबाच्या झुडपाचा उल्लेख येतो. बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला शुद्ध ठरवताना एजोबाने शिंपडत असत. राजा स्वतःला कुष्ठरोग्याच्या जागी उभे करतो. देवाकडे जाताना त्याच्या हातात काहीही नाही. खून आणि व्यभिचार यांना मोशेच्या नियमशास्त्रात मृत्युदंड होता. एखादा बैल अर्पण केला आणि सुटलो, अशी सोय नव्हती. म्हणूनच सोळाव्या-सतराव्या ओवीत तो यज्ञाची भाषा बाजूला ठेवतो आणि मोडलेले मनच पुढे करतो. त्याच्याजवळ देण्यासारखे तेवढेच उरले होते.

तिसरी पायरी या स्तोत्राच्या मध्यभागी, दहाव्या ओवीत आहे. तिथे दावीद शुद्ध हृदय मागतो. बायबलच्या भाषेत हृदय म्हणजे केवळ भावना नव्हेत. माणूस जिथे विचार करतो, जिथे निर्णय घेतो, ती जागा. ते हृदय दुरुस्त करून दे असे दावीद म्हणत नाही. तिथे जे हिब्रू क्रियापद आहे ते ‘बारा’, म्हणजे निर्माण करणे. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या पहिल्याच ओवीत देवाने आकाश आणि पृथ्वी घडवली तिथे हेच क्रियापद आहे. जुन्या करारात या अर्थाने ते येते तेव्हा त्याचा कर्ता नेहमी देवच असतो. कुंभार, सुतार, राजा यांच्या कामासाठी ते वापरत नाहीत.

‘कुंपणच शेत खाते तेव्हा काय?’ या प्रश्नाचे स्तोत्रकर्त्याचे उत्तर हे आहे. ज्या मनाने बदलायचे ते मनच देवाकडून नव्याने घ्यायचे. सॉक्रेटिसचे ज्ञान आणि ॲरिस्टॉटलची सवय यांची गरज त्याने संपत नाही. नवे हृदय मिळाल्यावर त्याला शिकवावेही लागते आणि वळणही लावावे लागते. परंतु सुरुवात आपल्या निश्चयाने होत नाही. ती मागण्याने होते. ‘उद्यापासून सोडलीच’ असे शंभर वेळा म्हणून जो हरला, त्याच्यासाठी ही फार मोठी सुवार्ता आहे.

आता आपण एका अवघड जागी येतो. चौथ्या ओवीत दावीद देवाला म्हणतो की, आपला अपराध घडला तो केवळ देवाविरुद्ध. वाचणारा इथे अडखळतो आणि अडखळलेच पाहिजे. उरीयाचे काय? मेला तो उरीया. मग राजाने देवाशी परस्पर समेट करून मोकळे व्हायचे, हे कसे? आपणही असेच करत नाही का? भावाला फसवायचे, कन्फेशनला जायचे, तीन नमो मरिया म्हणायच्या आणि भावाकडे मात्र पाठ फिरवायची.

याबाबतीत आम्हाला शहाणपण पुस्तकातून आले नाही. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, सणाच्या कलेक्शनचे एक पाकीट हरवले. चर्चची देखभाल करणारे एक वृद्ध काका कलेक्शन मोजायला नेहमी असत. आम्ही त्यांना कधीही चोर म्हटले नाही. फक्त पुढच्या रविवारपासून ‘काका, आता तुम्ही आराम करा’ असे सांगितले. सगळे समजायचे ते समजले. काकाही समजले. चार महिन्यांनी बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवहीत ते पाकीट सापडले. तिथे ते आम्हीच ठेवले होते. काकांना जाऊन सांगायचे आम्ही त्याच दिवशी ठरवले. मग म्हटले, रविवारी सांगू. मग कळले की ते आजारी आहेत. म्हटले, आता कशाला त्यांना त्रास. एका पहाटे त्यांच्या मृत्यूची घंटा वाजली. त्यांचा अंत्यविधी आम्हीच केला आणि प्रवचनात त्यांच्या प्रामाणिकपणाचे गुणगान केले.

त्यानंतर आम्ही कन्फेशनला गेलो. पापक्षमा मिळाली, आणि ती खरी होती याबद्दल आम्हाला तेव्हाही शंका नव्हती. तरीही शुक्रवारी सकाळी चौथ्या ओवीपाशी आलो की जीभ अडायची. ज्याची क्षमा मागायची तो तर मातीखाली होता.

पुढे नाथानची गोष्ट पुन्हा वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. त्या गोष्टीत गरिबाची बाजू कोण मांडतो? मेंढीवाला गरीब तर बोलतही नाही. उरीया मेला आहे, त्याचे तोंड कायमचे बंद झाले आहे. त्याची फिर्याद घेऊन राजवाड्यात येतो तो देवाचा संदेष्टा. म्हणजे देव उरीयाच्या बाजूने उभा आहे. आपला अपराध देवाविरुद्ध आहे असे जेव्हा दावीद म्हणतो, तेव्हा उरीयाला वगळून तो देवाकडे जात नाही. उरीयाचा कैवार घेतलेल्या देवापुढे तो उभा असतो. आणि चौदाव्या ओवीत तो रक्ताच्या दोषाचे नाव घेतोच. ते रक्त कोणाचे, हे त्याला आणि देवाला दोघांनाही ठाऊक होते.

देवाने दावीदला क्षमा केली, पण उरीयाचे नाव पुसले नाही. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात दावीदच्या शूर वीरांची यादी आहे. तिच्या अगदी शेवटी उरीया हित्ती आहे. आणि मत्तयने शुभवर्तमानाच्या सुरुवातीला आपल्या प्रभू येशूची वंशावळ दिली आहे, तिथे बथशेबेचे नाव न देता ‘उरीयाची बायको’ असेच म्हटले आहे. खुद्द तारणाऱ्याच्या वंशावळीत तो मारला गेलेला सैनिक आठवणीत ठेवला आहे. क्षमा म्हणजे विसर नव्हे, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

हे ध्यानात आल्यावर आम्ही काकांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीला सगळे सांगितले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘फादर, ते शेवटपर्यंत म्हणायचे, पाकीट ऑफिसातच असेल, फादरांना नीट बघायला सांगा. मीच सांगायला आले नाही. तुम्ही मोठी माणसं.’ त्यांनी चहा केला. आम्ही तो प्यायलो. त्या काही रडल्या नाहीत, आणि ‘असू दे’ असेही म्हणाल्या नाहीत. पुढच्या रविवारी मिस्साच्या शेवटी, ज्यांच्यासमोर काकांना बाजूला केले होते त्यांच्यासमोर, पाकीट कुठे सापडले आणि ते कोणी ठेवले होते, हे आम्ही सांगितले. हे सर्व एक वर्ष आधी करायला हवे होते. पण त्यानंतरच्या शुक्रवारी चौथी ओवी म्हणता आली.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातही हेच शिकवले आहे : पापक्षमेने पाप जाते, पण पापाने केलेली सगळी मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेले परत करायचे असते, ज्याची बदनामी केली त्याचे नाव शक्य तितके भरून द्यायचे असते. क्षमा विकत घेण्यासाठी हे करायचे नसते. नवे हृदय मिळाले म्हणजे त्याला ते केल्याशिवाय चैन पडत नाही.

मराठीत आपण ‘पश्चात्ताप’ म्हणतो. पश्चात ताप, म्हणजे मागाहून होणारी आग. ती आग हवीच. पण नुसत्या आगीने माणूस बदलत नाही, कधी कधी जळून जातो. जुदासलाही पस्तावा झाला होता. त्याने चांदीची नाणी परत केली, आपण निर्दोष माणसाला धरून दिले हे कबूलही केले. पण तो प्रभूकडे परतला नाही. एकटाच अंधारात निघून गेला. पेत्रानेही तीनदा नाकारले आणि तो ओक्साबोक्शी रडला. पण पुढे तो प्रभूच्या समोर आला. दोघांनाही कळले होते. वळला तो एक. स्तोत्र ५१ मध्ये तेराव्या ओवीत पापी लोक देवाकडे ‘परततील’ असे येते. हिब्रू बायबलमध्ये माणसाच्या परिवर्तनासाठी हाच शब्द सतत येतो : वळणे, परत येणे.

आणि शेवटची पायरी. अठराव्या ओवीत दावीदचे पाप मागे पडते आणि यरुशलेमच्या तटबंदीचा विषय निघतो. पुष्कळ अभ्यासकांच्या मते या शेवटच्या दोन ओव्या नंतर जोडल्या गेल्या. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमचे तट पाडल्यावर, निर्वासित झालेल्या लोकांनी दावीदची ही एकट्याची प्रार्थना आपली म्हणून म्हटली असावी. तसे असेल तर त्यातही आपल्याला धडा आहे. एका माणसाचे मन बदलले की ते चार भिंतींत राहत नाही. एका घरात एकाने ‘चुकले माझे’ म्हटले, की दोन कुटुंबांमधली बंद पडलेली ये-जा सुरू होते. धर्मग्रामाची पडलेली भिंत अशीच एकेका दगडाने उभी राहते.

तेव्हा या उपवासकाळात आपण सर्व मिळून एक करू या. आज रात्री जेवणानंतर बायबल उघडून स्तोत्र ५१ सावकाश वाचू या. मग एका कागदावर आपल्या पापाचे एकच वाक्य लिहू या, ज्यात ‘पण’ हा शब्द नसेल. दुसऱ्या दिवशी तेच स्तोत्र वाचून त्या वाक्याखाली एका माणसाचे नाव लिहू या : आपला उरीया कोण? तिसऱ्या दिवशी नवे हृदय मागू या आणि त्या माणसाच्या दारापर्यंत जायला कोणता दिवस बरा, हे ठरवू या. तो माणूस हयात नसेल तर त्याच्या घरच्यांकडे जाऊ या; तेही नसतील तर त्याच्या नावाने मिस्सा अर्पण करू या आणि जे त्याचे होते ते एखाद्या गरिबाला देऊ या. कन्फेशनच्या वेळा चर्चच्या फलकावर लावल्या आहेत. येताना तो कागद खिशात असू द्या.

रविवारपर्यंत थांबू नका. आम्ही थांबलो होतो.

ज्याने दावीदला वळवले, तो दयाळू पिता आपणा सर्वांना या पवित्र दिवसांत आपल्याकडे वळवो.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू